जयवंताच्या पेट्या

संपदाला पहिल्यांदा मधमाशी चावली तेव्हा जयवंत हसला होता.

"चावली? बरी चावली. म्हातारपनी हाडं दुखनार नाय तुजी," असं म्हणत त्याने डबीतला चुना बोटावर घेतला आणि पोरीच्या मनगटाला फासला. पोरगी सहा वर्षांची. मोठे बाबा हसले म्हणून रडता रडता तीही हसली. संध्याकाळपर्यंत तो हात कोपराच्या वर सुजला, बोटं मिटेनात. तिच्या आईने, संजनाने, हळद उगाळून लावली, ओलं फडकं बांधलं आणि पोरीचा हात मांडीवर घेऊन बसली.

"रगत पातळ हाय पोरीचं," पोरीची आजी धोंडूबाई पडवीतून म्हणाली. "आपल्यात नाय कोनाचं असं."

आपल्यात म्हणजे सासरच्यांत. संजनाने फडकं पुन्हा ओलं केलं. दोन-तीन दिवसांनी सूज उतरली आणि घरातले सगळे ती गोष्ट विसरले. संजनाही विसरली.

त्यांची वाडी खाडीच्या बांधाला लागून होती. बांधाच्या पलीकडे खारं पाणी आणि चिपीची झुडपं, अलीकडे विहीर, केळी आणि कारल्याचा मांडव. घर एकच, पण मधोमध विटांची भिंत घालून दोन केलेलं. डावीकडे जयवंत आणि त्याची बायको भानुमती. त्यांची एकुलती मुलगी अर्नाळ्याला दिलेली. उजवीकडे धाकटा शत्रुघ्न, संजना आणि संपदा. सासू धोंडूबाई समोरच्या सामाईक पडवीत. तिथून तिला दोन्ही दारं दिसायची. वाडी मात्र वाटलेली नव्हती. शत्रुघ्न स्टेशनकडच्या पत्र्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, म्हणून त्याच्या वाट्याचं वाडीतलं काम संजना करायची. निंदणी, तोडणी, पाट्या भरणं, पाण्याचे दांड वळवणं. फवारणी सोडून सगळं. फवारणी जयवंत स्वतः करायचा, तीही दिवस कलल्यावर, माश्या पेट्यांत परतल्यावर.

पेट्या मागच्या वर्षी आल्या. जयवंत तालुक्याच्या कुठल्याशा शिबिराला गेला आणि येताना टेम्पोतून मधमाश्यांच्या लाकडी पेट्या घेऊन आला. गावातले लोक हसले. घरामागे चिकूच्या झाडाखाली त्याने त्या विटांवर मांडल्या, पायांना मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या लावल्या. त्या वर्षी मांडवावर कारली अशी लागली की वसईच्या बाजारात व्यापारी विचारायला लागले, ही सरळसोट कारली कुणाची. उभ्या जन्मात ज्याला कुणी बरं म्हटलं नव्हतं, त्या माणसाला पन्नाशीत लोक थांबवून काही विचारायला लागले. सकाळी चहाचा कप घेऊन तो पेट्यांपाशी उकिडवा बसायचा. इतक्या मायेने तो बायकोपाशी कधी बसला नव्हता, असं भानुमती स्वतःच सांगायची.

फाल्गुन लागला आणि माश्यांना तहान लागली. खाडीचं पाणी खारट, विहीर खोल. त्यांना संजनाची मोरी सापडली. घराच्या मागच्या बाजूला उघड्यावर एक फरशी, तिच्यावर गळका नळ. फरशीच्या ओल्या कडेला माश्या ओळीने बसायच्या, पोटं हलवत पाणी प्यायच्या.

त्या दिवशी संजना मांडवाखाली तोडणी करत होती. "आई" अशी हाक आली. मग पुन्हा एकदा, पण या वेळी आवाज घोगरा होता, एखाद्या म्हाताऱ्या बाईचा असावा तसा. संजना पाटी टाकून धावली. संपदा मोरीत उघडीच उभी होती, अंगाला अर्धा साबण. मानेवर हात दाबून धरलेला.

"माशी," ती म्हणाली.

बघता बघता पोरीच्या अंगावर गांधी उठल्या. पोटावर, पाठीवर, मांड्यांवर, नकाशासारख्या. ओठ सुजले, डोळे मिटले. छातीतून शिट्टी वाजायला लागली. भानुमती चुन्याची डबी घेऊन आली होती, तिचा हात संजनाने झटकला. पोरीला पदरात गुंडाळलं आणि ती बांधावरून पळत सुटली. पायात चपला नव्हत्या. अर्ध्या वाटेत पोरीची मान खांद्यावर लोंबायला लागली. रस्त्यावर भाजीचा एक टेम्पो येत होता. संजना त्याच्या आडवी उभी राहिली.

डॉक्टर कॉन्रॅड यांचा दवाखाना देवळाच्या फाट्यावर, चर्चच्या शाळेसमोर होता. त्यांनी समोरच्या पेशंटला उठवलं, पोरीला टेबलावर घेतलं आणि काही न विचारता मांडीत सुई खुपसली. मग दुसरी. संजना भिंतीला टेकून उभी होती. पोरीच्या पोटाच्या हालचालीकडे ती बघत राहिली.

हळूहळू शिट्टी कमी झाली.

"माशी सगळ्यांना चावते," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "पण हिच्या अंगाला ते विष अजिबात चालत नाही. दरवेळी जास्त त्रास होणार. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचाल की नाही, मी सांगू शकत नाही. घराजवळ पोळं आहे?"

"पेट्या हायेत. मोठ्या दिरांच्या."

"हलवायला सांगा. आजच."

सांगायला सोपं होतं. जयवंत धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसे. सुरुवातीला ती रीत होती, पुढे ती सोय झाली. काही सांगायचं असलं की तो धोंडूबाईकडे तोंड करून बोलायचा आणि ते संजनाने ऐकायचं.

ती पोरीला घेऊन परतली तेव्हा तो पडवीत कारली निवडत बसला होता. वाकडी एका बाजूला, सरळ पाटीत.

"दादा, डॉक्टर म्हनतात पेट्या आजच हलवा. पोर जाता जाता राहिली."

जयवंताने हातातलं कारलं फिरवून बघितलं. "आये, तिला सांग, माशी पेटीपाशी नाय चावली. मोरीत चावली. मोरी तिची हाय."

"मोरीत कुठून आली? आभाळातून पडली?"

"आये, पोर उघड्यावर अंघोळ करते, साबनाचा वास येतो, माशी येनार. पोरीला आत घे म्हनावं."

"सांडोरला तुमचे दोस्त हायेत ना, त्यांच्या वाडीत ठेवा चार महिने."

आता जयवंताने वर बघितलं, पण आईकडेच. "दुसऱ्याच्या वाडीत? फळ त्यांचं आनी माश्या माज्या? डॉक्टरला म्हनावं, तुजी वाडी हाय का? मांडव फुलावर हाय. आज पेट्या हलवल्या तर दवाखान्यातली सुई काय कारली धरनार?"

धोंडूबाईने खांद्यावर झोपलेल्या नातीकडे पाहिलं. पोरीचे ओठ अजून जाड होते. "शतूला येऊ दे," ती म्हणाली. "बायकांनी कशाला तोंड घालायचं."

शतू म्हणजे शत्रुघ्न संध्याकाळी आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा पडला, पोरीच्या डोक्यावरून त्याने दहा वेळा हात फिरवला आणि म्हणाला, "दादाशी बोलतो." तो भिंतीपलीकडे गेला. संजना भिंतीला कान लावून उभी राहिली, पण कान लावायची गरज नव्हती.

"वाटनी पायजे ना तुला? सरळ माग!" जयवंत ओरडत होता. "माश्यांचं निमित्त कशाला? तुज्या बायकोचं मन मी वळकतो. तिकडं बांधापल्याड बघ, विरारपासून इमारती चालत यायला लागल्यात. वाटनी झाली की तुज्या तुकड्यात पांढऱ्या बुटांचा बिल्डर उभा. नाय म्हन! आईच्यान सांग नाय म्हनून!"

शत्रुघ्नचा आवाज ऐकूच आला नाही.

तो परत आला, ताटावर बसला, भातात आमटी कालवली. कितीतरी वेळ कालवतच राहिला. "थोडं थांबू या. हा कारल्यांचा बार संपला की दादाच हलवील."

"असं म्हनाले?"

"म्हनाला नाय. पन हलवील."

"मग बार संपेपर्यंत पोरीला सांगते, श्वास घेऊ नको," संजना म्हणाली आणि ताट त्याच्या पुढ्यातून उचललं. तो अर्धा जेवला होता. तो उठला आणि त्याने हात धुतले, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून संपदा घरात कोंडली गेली. खिडकीला संजनाने मच्छरदाणी फाडून ठोकली. दाराला जुन्या धोतराचा पडदा. शाळेत जाताना पूर्ण बाह्यांचा स्वेटर, पायमोजे, डोक्याला ओढणी, आणि बाहेर चैत्राचं ऊन. शाळेतली पोरं तिला नवरी म्हणायला लागली. पोरगी घामाने निथळत घरी यायची, मानेवर घामोळं, आणि तरी स्वेटर काढायला तयार नसायची. घरात साधी माशी आली तरी जागच्या जागी थिजायची, डोळे घट्ट मिटायची. दोनदा तिथेच ओली झाली. संजनाने फडक्याने जमीन पुसली. पडद्याआडून भानुमतीने ते बघितलं हे तिच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारच्या बायका तिला बघून गप्प झाल्या तेव्हा उरलंसुरलंही कळलं.

मोरी तिने कोरडी करायची ठरवली. नळाला चिंधी बांधली. अंघोळी, धुणी उजाडायच्या आत उरकली. फरशी पोत्याने पुसून काढली. माश्या तरी आल्या. दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर बसायला लागल्या, झग्याच्या घड्यांत शिरायला लागल्या. भानुमतीने आपल्या बाजूला पाण्याची परात भरून ठेवली, त्यात काटक्या टाकल्या, पण माश्यांना एकदा जागा कळली की कळली. मग संजना चपलेने मारायला लागली. मोरीच्या कडेला बसून, एकेक.

"मार," भानुमती मोरीशेजारच्या कुडाच्या पलीकडून म्हणाली. "घरची लक्षुमी हाय, मार चपलेनं."

"तुमची लक्षुमी तुमच्या घरात ठेवा, वयनी. माज्या पोरीच्या मानेवर नको."

"आमी पन पोर वाढवली. अशी नासकी नव्हती आमची."

संजना उठली. हातात चप्पल होती. भानुमती कुडापासून मागे सरकली.  मग संजनाने चप्पल खाली टाकली आणि पायात घातली.

त्या आठवड्यात जयवंताने मोटारीचा पाइप वळवला. संजनाच्या माठापर्यंत येणारं पाणी आता कळशीने आणावं लागायचं. 

डॉक्टर कॉन्रॅड यांनी तिला दोन छोट्या काचेच्या कुप्या आणि सुया दिल्या होत्या. कुपीची मान फडक्यात धरून कशी मोडायची, किती ओढायचं, मांडीत बाहेरच्या बाजूला कुठे टोचायचं, हे त्यांनी शिकवलं. शत्रुघ्नला सुई बघवत नव्हती. संजना वांग्यावर शिकली. पाणी भरून टोचायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा टोचायचं. टोचून टोचून मऊ झालेल्या वांग्यांची तिने भाजी केली. शत्रुघ्नने ती मुकाट खाल्ली.

एका दुपारी संपदा खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी होती. पलीकडे चिकूखाली जयवंत पेटीचं झाकण उघडून, खाली मान घालून काहीतरी बघत होता.

"आई, त्या माश्या मोठ्या बाबांच्या हायेत ना?"

"हो."

"मग ते त्यांना सांगत का नाय?"

संजना तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत एम-एटीला पाट्या बांधून बाजाराला गेला. त्याची गाडी बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत संजना थांबली. मग ती वाडीतल्या अवजारांच्या खोपटात गेली. फवारणीचा पंप खुंटीला होता, औषधाचा डबा वर फळीवर. पंपात पाणी ओतलं, औषध ओतलं, नेहमी जयवंत ओतायचा त्याच्या दुप्पट. वासाने घशात आग पडली. नाकाला पदर बांधून तिने पट्टे खांद्यात अडकवले. पंप गळका होता. पाठीवरून थंड ओघळ कमरेपर्यंत उतरला.

मांडव फुलाने पिवळा झाला होता. सकाळची वेळ, एकेका फुलात एकेक माशी. तिने डाव्या हाताने दांडा हलवायला सुरुवात केली आणि उजव्या हाताने नळी वर धरली. धुकं उडालं. फुलावरची माशी उडायची, दुसऱ्या फुलावर बसायची, तिथेही धुकं पोचायचं. संजना ओळीने गेली. कुठे एक वेल सोडला नाही. पाठ जळत होती, हात भरून आले होते, आणि तिला थांबावंसं वाटत नव्हतं.

भानुमती दांडाच्या टोकाशी येऊन उभी राहिली.

"काय करतेस ग? फुलावर? आता?"

"आळी पडलीय."

"हे संध्याकाळचं काम हाय! बाई, माश्या हायेत मांडवात!"

"हायेत," संजना म्हणाली आणि दांडा हलवत राहिली.

भानुमतीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती पळाली. या वयात, लुगडं सावरत, धापा टाकत ती पेट्यांकडे पळाली आणि मूठ मूठ गवत उपटून पेट्यांची दारं बुजवायला लागली. आतल्या माश्या आत राहिल्या. बाहेर गेलेल्या परतल्या त्या दारापाशी चकरा मारत खाली पडायला लागल्या. भानुमतीच्या हाताला, गालाला चावत होत्या. तिने हात काढला नाही.

दुपारी जयवंत आला तेव्हा पेट्यांसमोर माश्यांचे थर पडले होते. काही पालथ्या, काही स्वतःभोवती गरगरत. त्याने गाडी उभी केली नाही, सोडून दिली. ती केळीच्या खुंटावर कलंडली. तो गुडघ्यावर बसला, ओंजळभर माश्या उचलल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

मग तो पडवीकडे आला. संजना आपल्या दारात उभी होती, संपदा तिच्या मागे. संजनाने कोयता उंबऱ्याआड ठेवला होता. धोंडूबाई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आये," जयवंत म्हणाला, "तिला इचार..." आणि त्याला पुढे बोलता येईना.  ओंजळीतून दोन-तीन माश्या खाली पडल्या. तो मागे वळला. मग बराच वेळ चिकूखालून खराट्याचा आवाज येत राहिला.

संजनाला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं एवढं तिला जाणवलं, पण पोटात फक्त एक मोकळी जागा होती, पुष्कळ दिवसांनी मिळालेली. संध्याकाळी शत्रुघ्न आला, पडवीतच त्याला सगळं कळलं. तो आत आला आणि म्हणाला, "तू हे काय केलंस?"

"तुमचं काम केलं," ती म्हणाली.

सकाळी मोरीवर एकही माशी नव्हती. संजनाने नळाची चिंधी सोडली. विहिरीवरून कळशी आणून फरशीवर ओतली, पुन्हा आणली, पुन्हा ओतली. खिडकीची जाळी उचकटून टाकली. संपदाच्या अंगातला स्वेटर तिने स्वतःच्या हाताने ओढून काढला.

"जा, खेळ बाहेर."

"माश्या?"

"नाय आता. मेल्या सगळ्या."

पोरगी दारात घुटमळली. संजनाने तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे लोटलं. संपदा दोन पावलं चालली, आभाळाकडे बघितलं, मग पळाली. अनवाणीच. अंगणाला फेरी मारून, दोरीखालून, गवतातून. तिला पळताना बघून संजनाला रडू यायला लागलं होतं, तेवढ्यात पोर एका पायावर थांबली.

"आई, काटा गेला."

संजनाने तळवा बघितला. काटा नव्हता. नांगी होती, तिच्या टोकाला बारीक पिशवी, अजून हलत असलेली. गवतात एक माशी पाय ओढत रांगत होती. जरा पुढे दुसरी. दोरीच्या खांबाशी आणखी.

तिने नखाने नांगी खरवडली. पोरीला उचलून आत आणलं, चटईवर ठेवलं. गांधी उठायला लागल्या होत्या. कुप्यांचा डबा काढला. पहिली कुपी फडक्यात नीट बसली नाही, मान मोडताना निसटली आणि जमिनीवर फुटली. दुसरी. "मोडू नको, मोडू नको," असं ती तोंडाने म्हणत होती आणि हाताने मोडत होती. सुई भरली. मांडी. वांग्यात शिरायची तशी सुई शिरली नाही, पोर किंचाळली, तेव्हा तिने आणखी दाबली.

किंचाळी ऐकून जयवंत दाराशी आला होता. काय झालं हे त्याने विचारलं नाही. त्याने पोरीचे ओठ बघितले, गवताकडे बघितलं आणि तो वळला. एम-एटी दोन लाथांत सुरू झाली.

"बस मागं," तो संजनाला म्हणाला. "पोरीला मदी धर. घट्ट."

बांधावरून गाडी उधळत गेली. संपदा दोघांच्या मध्ये, तिचा श्वास त्याच्या पाठीवर शिट्टी मारत होता. संजनाने पोरीला धरण्यासाठी त्याचा सदरा मुठीत धरला होता. सदऱ्याला कालच्या औषधाचा वास येत होता. माश्या गोळा करताना लागला असेल.

डॉक्टर कॉन्रॅड यांनी आणखी एक सुई दिली, सलाइन लावलं आणि स्वतःच्या गाडीतून पोरीला वसईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. "घरी सुई दिलीत म्हणून आली इथवर," ते म्हणाले. दुपारनंतर तिने पाणी मागितलं.

शत्रुघ्नला कारखान्यात निरोप गेला होता. तो येईपर्यंत बाहेरच्या बाकावर संजना आणि जयवंत बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तो आपल्या नखांतली माती काढत होता.

"औषध लागलेली माशी लगेच मरत नाय," तो म्हणाला. थेट तिलाच. "घरापर्यंत येते. दिवस दिवस रांगते. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"इचारलं होतं, पेट्या हलवा म्हनून. तुमी आयेला उत्तर दिलं."

त्याने पाय बाकाखाली ओढले. एक नर्स ट्रे घेऊन गेली.

"गाडी काढलीत म्हनून उपकार मानायची नाय मी," संजना म्हणाली.

"तुज्यासाठी नाय काढली."

"ठाऊक हाय."

पोरगी चौथ्या दिवशी घरी आली. त्याच आठवड्यात वाटणी झाली. जयवंताने स्वतः मागितली. मोजणी झाली, सिमेंटचे खांब आले आणि काटेरी तार मांडवाच्या मधून गेली. वेल दोन्हीकडे पसरलेले होते, ते जयवंताने कोयत्याने तारेवरच छाटले. विहीर सामाईक राहिली, वेळा ठरल्या. पेट्यांत थोड्या माश्या उरल्या होत्या. त्याने पेट्या बांधाच्या कोपऱ्यात, खाऱ्या वाऱ्यात नेऊन ठेवल्या. एका सकाळी झाकण उघडलं तर आत काही नव्हतं. उरलेल्या माश्या उठून कुठेतरी निघून गेल्या होत्या. त्याने पेट्या फोडल्या आणि भानुमतीने त्या चुलीत घातल्या. धोंडूबाई भानुमतीकडे जेवायला लागली. शत्रुघ्न पगाराच्या दिवशी भिंतीपलीकडे मिठाईचा पुडा पाठवायचा, तो तसाच परत यायचा.

दिवाळीनंतर पुन्हा मांडव फुलला. फुलं आली, पण त्यांच्यामागची इवली फळं पिवळी पडून गळायला लागली. लागलं ते कारलं बोटाएवढं, विळ्यासारखं वाकडं. व्यापाऱ्यांनी पाटीला हात लावला नाही. मग कुणीतरी सांगितलं, हाताने करावं लागेल. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाच्या तोंडाला घासायचं. एकेका फुलाला. ऊन चढलं की फूल मिटतं, त्याआधी जेवढी होतील तेवढी.

संजना उजाडताच मांडवाखाली उभी राहायची. हात वर, मान मागे. बोटांची टोकं पिवळी व्हायची, खांद्यातून कळा निघायच्या. एका वेलाला इतका वेळ लागायचा की उरलेल्या मांडवाकडे बघवत नसे. तारेच्या पलीकडे जयवंतही तेच करत होता. त्याच्या जाड बोटांतून फूल निसटायचं, एका फुलाला दोन-दोनदा घासावं लागायचं. भानुमती त्याच्या मागे ॲल्युमिनियमचं ताट धरून असायची. चार हातांवर मांडव चालला होता.  फक्त पानं सरकवल्याचा आवाज यायचा.

अशाच एका सकाळी संजनाच्या डोक्यावर बारीक गुणगुण झाली. तिने वर बघितलं. एक माशी होती, कुठल्या रानातली कोण जाणे. ती एका नर फुलात शिरली, पिवळी होऊन बाहेर आली, पुढच्या मादी फुलावर बसली, उठली, तिसऱ्यावर गेली. संजनाला मान मोडून करावं लागलं असतं ते काम तिने काही क्षणांत केलं. तारेपलीकडे जयवंताचे हात थांबले होते. तोही बघत होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

घरातून संपदाचा आवाज येत होता. ती पाढे म्हणत होती.

माशी चौथ्या फुलात शिरली. संजनाने हात वर केला आणि फुलासकट तिला चिमटीत चिरडलं. अंगठ्यात नांगी रुतली. संजनाने ती नखाने खरवडून काढली, लुगड्याला हात पुसला, शेजारचं नर फूल तोडलं आणि पुढच्या वेलाकडे वळली.